ओल मोजणाऱ्या दोन पट्ट्या

पावसाळ्यात रथचक्र चौकाच्या आसपासच्या कुठल्याही सोसायटीखालून मान वर करून चाललात तर एकच देखावा दिसतो. बाल्कनीत दोऱ्या, दोरीवर जीन्स, आणि त्या जीन्सचा आज तिसरा दिवस. नाशिकचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण रिपरिप लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीला असली की कपडे आत-बाहेर करायला घरात माणूस नसतं. त्यामुळे आमच्या पिढीच्या फ्लॅटमध्ये आता हळूहळू ड्रायर शिरायला लागलाय. आणि ड्रायरबरोबर त्याची ठरलेली तक्रार. ‘ऑटो’ लावलं, पंधरा मिनिटांत टुंग टुंग वाजून थांबला, दार उघडलं तर टॉवेल ओलेच!

मित्रमंडळींत ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली की डोक्यात किडा वळवळायला लागला. या यंत्राला कपडे वाळले हे कळतं तरी कसं? उत्तर शोधता शोधता गाडी ड्रायरवरून जी सुटली ती जिनिव्हा, पुणं, गिरणगाव असं करत थेट लासलगावच्या मार्केट यार्डात जाऊन थांबली. या शनिवारचा लेख त्या प्रवासाचा. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी ड्रायर. टम्बल ड्रायरचं दार उघडून आत डोकावलं तर पुढच्या बाजूला, बहुतेक वेळा फिल्टरच्या जाळीजवळ, धातूच्या दोन अरुंद पट्ट्या दिसतात. (सगळ्या ड्रायरमध्ये त्या नसतात. काही यंत्रं नुसत्या हवेच्या तापमानावरून अंदाज बांधतात.) पट्ट्या एकमेकींपासून थोड्या लांब असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी किरकोळ विद्युतदाब दिलेला असतो. ड्रम फिरताना ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम चाटून जातो आणि क्षणभर सर्किट पूर्ण होतं. आपल्या नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे ओल्या कपड्यातून वीज बऱ्यापैकी वाहते. कपडा वाळत जातो तसा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढत जातो. पुरेसा वाढला आणि थोडा वेळ तसाच राहिला की यंत्र म्हणतं, झालं काम. बस्स. एवढाच तो ‘मॉइश्चर सेन्सर’. मल्टिमीटरच्या दोन टोकांपेक्षा फार वेगळं काही नाही.

आता यात बिघाड कसा होतो ते बघा. कपडे मऊ राहावेत म्हणून आपण जे कंडिशनर घालतो ते धाग्यांवर मेणचट थर देऊन काम करतं. तोच थर थोडा थोडा पट्ट्यांवरही चढतो. बोअरचं पाणी असेल तर वर क्षारांचं पांढरं साय-साय कवच. डोळ्यांना पट्टी चकचकीत दिसते, पण तिच्यावर एक पातळ वीजरोधक पडदा आलेला असतो. कपडा ओला असला तरी वीज त्या पडद्यापाशी अडते, रोध जास्त दिसतो, आणि यंत्राची समजूत होते की कपडे वाळले.

उपाय शब्दशः पाच मिनिटांचा आहे. प्लग काढा, ड्रम थंड होऊ द्या. मऊ फडक्यावर थोडं स्पिरिट, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, घेऊन पट्ट्या पुसा. क्षार असतील तर पांढरं व्हिनेगर, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं. तारेची घासणी आणि पॉलिश पेपर अजिबात नको. पट्टीवर ओरखडे पडले की पुढचा मळ तिथे आणखी घट्ट बसतो. फिल्टरमधला कपड्यांच्या तुसाचा राखाडी गोळा तर दर खेपेला काढायचाच. महिन्या-दोन महिन्यांनी एवढं केलं तर बरेचसे ‘सेन्सर खराब’ ड्रायर आपोआप बरे होतात. (फक्त दोन शर्ट टाकले तर ते पट्ट्यांना नीट लागतच नाहीत आणि यंत्र लवकर थांबतं, तो वेगळा प्रकार. त्याला सेन्सरचा इलाज नाही, कपडे जास्त टाकायचे.)

खरं तर विषय इथे संपायला हवा होता. पण मला प्रश्न पडला की सेन्सर मुळात असा उघड्यावर ठेवतातच का? घड्याळ काचेत बंद असतं. तापमापीतला पारा नळीत बंद असतो. ओल मोजणारी वस्तू मात्र बंद करताच येत नाही. तिला ओलीला शिवावंच लागतं. आणि जी वस्तू ओलीला शिवते ती त्या ओलीबरोबरच्या धुळीला, तेलाला, मिठालाही शिवते. म्हणजे ओल मोजायच्या यंत्राला मळ लागणं हा अपघात नाही, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. ही अडचण ड्रायरच्या कितीतरी आधीची, जवळजवळ पावणेसहाशे वर्षांची निघाली.

आपल्या कातडीला ओल कळत नाही हे तुम्हाला माहीत होतं का? आपल्याला गार-गरम कळतं, दाब कळतो, पण ओल ओळखणारी वेगळी सोयच शरीरात नाही. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू अंदाज करतो. म्हणून थंडीत संध्याकाळी दोरीवरून काढलेला सुका सदराही ओलसर लागतो, आणि घरोघरी बायका कपडा हाताने चाचपून मग गालाला लावून बघतात. अंदाज पक्का करायची ती जुनी युक्ती. पण या अंदाजाला आकडा कसा द्यायचा?

पंधराव्या शतकात, १४५० च्या सुमाराला, निकोलस ऑफ क्युसा या जर्मन धर्मगुरूने एक सोपी कल्पना मांडली. तराजूच्या एका पारड्यात लोकर, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड. हवा दमट झाली की लोकर पाणी पिते आणि जड होते, कोरडी झाली की हलकी. पुढे लिओनार्दो दा विंचीच्या कागदांतही अशाच तराजूचं चित्र सापडतं. कल्पना झकास, पण उघड्या लोकरीवर धूळ बसते आणि धुळीचंही वजन असतं. म्हणजे महिनाभराने तो तराजू ओल दाखवतोय की धूळ, हे सांगणं कठीण.

मग आले जिनिव्हाचे होरास-बेनेदिक्त द सोस्यूर. आल्प्स चढणारा आणि प्रत्येक गोष्ट मोजून बघणारा माणूस. १७८३ साली त्यांनी आर्द्रतेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात माणसाच्या केसाचं यंत्र मांडलं. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमटापर्यंत फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा. पण तेवढ्यावर काटा फिरवता येतो. शाळेच्या भूगोलात ‘केश आर्द्रतामापक’ म्हणून जे शिकलो ते हेच.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग केसाचा नाही, केस धुण्याचा आहे. डोक्यावरचा केस तेलकट असतो, आणि तेल पाण्याला आत येऊ देत नाही. सोस्यूरनी केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचं तेल काढलं आणि मगच तो यंत्रात लावला. किती उकळायचा याचाही त्यांनी बारकाईने विचार केला. आपण आज ड्रायरच्या पट्टीवरून कंडिशनरचा थर पुसतो, त्याचा हा अडीचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज. आणि हा उपद्व्याप किरकोळ नव्हता. त्याच काळात झां-आंद्रे द ल्यूक नावाचे दुसरे जिनिव्हाकर व्हेलच्या तोंडातल्या पट्टीचं, व्हेलबोनचं, यंत्र घेऊन उभे होते, आणि कोणाचं खरं यावर दोघांत चांगलीच जुंपली होती.

केसाला पर्याय म्हणून जे आलं ते आणखी साधं होतं. दोन तापमापी शेजारी शेजारी ठेवायच्या. एकीच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं, त्याची वात खालच्या पाण्याच्या भांड्यात. पाणी उडून जाताना फुगा गार होतो. हवा कोरडी असेल तर जास्त गार, दमट असेल तर कमी. दोन्हींतल्या फरकावरून आर्द्रता काढायची. आपला माठ ज्या कारणाने गार राहतो तेच कारण. बर्लिनच्या अर्न्स्ट आउगुस्ट यांनी १८२५ मध्ये या जोडीला ‘सायक्रोमीटर’ हे नाव दिलं आणि ते जगभर गेलं.

ही जोडी आपल्याकडे कशी आली हे सांगायला पुण्याला जावं लागेल. भारताचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. मुख्यालय आधी कलकत्त्यात, मग १९०५ पासून सिमल्यात. १९२८ मध्ये ते सिमल्याहून पुण्याला, शिवाजीनगरला आलं. पुण्यात शिकलेल्यांनी ‘सिमला ऑफिस’ हा बसस्टॉप कधी ना कधी पाहिलेला असेल. डोंगर नाही, बर्फ नाही, मग हे नाव कसं, याचं उत्तर हे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं.

याच पुण्यात १९४८ साली अ‍ॅना मणी रुजू झाल्या. जन्म १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेलं, आणि नंतर लंडनला हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलेलं. तोवर आपण साध्या साध्या उपकरणांसाठीही परदेशावर अवलंबून होतो. मणीबाईंनी जवळपास शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली आणि ती इथे बनवायला घेतली. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या तेव्हा हाताखाली १२१ पुरुष होते. १९५३ मध्ये! आपल्या ऑफिसातली टीम लीड मंडळी आठवून बघा.

त्यांचा एक आग्रह प्रसिद्ध आहे. चुकीचं मोजमाप हे मोजमापच नसण्यापेक्षा वाईट, असं त्या मानत. ओल्या तापमापीच्या बाबतीत हे फार खरं आहे. मलमलीवर धूळ बसली, वातीत क्षार साठले किंवा समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ आलं की पाणी पुरेसं उडत नाही, फुगा पुरेसा गार होत नाही, आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते. वात पूर्ण सुकली तर दोन्ही तापमापी सारख्याच! म्हणजे भर मे महिन्यात नोंद होईल शंभर टक्के आर्द्रता. ही नोंद चुकीची आहे हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. आकडा आकड्यासारखाच दिसतो. म्हणून ठरावीक दिवसांनी मलमल बदलायची आणि भांड्यात डिस्टिल्ड किंवा स्वच्छ पावसाचंच पाणी घालायचं, हा वेधशाळेतल्या निरीक्षकाचा रोजच्या कामाचा भाग. कोपऱ्यातल्या एखाद्या केंद्रावर कोणीतरी इमानाने फडकं बदललं म्हणून आपल्याकडे जुन्या हवामानाच्या खऱ्या नोंदी आहेत.

हवामानाची नोंद चुकली तर संशोधकाचं नुकसान. पण त्याच दोन तापमापी जेव्हा गिरणीत गेल्या तेव्हा प्रश्न माणसांच्या श्वासाचा झाला.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव वसलं. सुताचं एक आहे, कोरडं झालं की ते ठिसूळ होतं आणि ताणाखाली तुटतं. तुटलं की साचा थांबवून गाठ मारायची. म्हणून मालकांना खात्यातली हवा दमट हवी असते. मुंबईची हवा मुळातच दमट, तरी कोरड्या महिन्यांत ती पुरत नाही. मग हवेत पाण्याचे फवारे, नाहीतर सरळ वाफ. सूत खूश, माणसं घामाने बेजार. घाम उडून गेला तरच शरीर गार होतं, आणि दमट हवेत तो उडतच नाही. म्हणजे मघाच्या ओल्या फुग्याचं जे होतं तेच कामगाराचं होतं. अगदी तेच भौतिकशास्त्र.

लँकेशरच्या विणकरांनी या ‘स्टीमिंग’विरुद्ध आवाज उठवला आणि ब्रिटनमध्ये १८८९ साली त्यावर कायदा झाला. त्यात एक सुंदर कलम होतं. खात्यात या तापमापींच्या जोड्या लावायच्या, एक मध्यभागी आणि एक बाजूला, आणि कामगारांना स्पष्ट दिसतील अशा लावायच्या. म्हणजे यंत्र कोणाच्या केबिनमध्ये नाही, ज्याच्या अंगाला ती हवा लागते त्याच्या डोळ्यांसमोर. भारतातही सरकारने या प्रश्नाची चौकशी करवली. टी. मॅलोनी यांचा हिंदुस्थानातल्या गिरण्यांतल्या आर्द्रतेवरचा अहवाल १९२३ चा. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम आर्द्रतेवर स्वतंत्र कलमच आलं, १५ वं. हवा दमट करायला वापरायचं पाणी सार्वजनिक नळाचं किंवा पिण्याच्या स्रोताचं हवं, नाहीतर शुद्ध केलेलं हवं, असं ते सांगत होतं. कारण ते पाणी शेवटी कामगाराच्या फुप्फुसातच जाणार.

त्या कायद्याखालचे राज्यांचे नियम मी वाचत गेलो आणि एका ओळीपाशी थांबलो. ओल्या फुग्यावरची मलमल आणि वात स्वच्छ हवी, तिच्यात खळ किंवा चिकटपणा नको. खळ म्हणजे कापडाला लावायची कांजी! गिरणीत मलमलीची काय कमतरता, हाताला येईल तो तुकडा कोणीही गुंडाळेल. पण त्या कोऱ्या कापडाला खळ असते, खळीमुळे पाणी नीट चढत नाही, आणि आकडा चुकतो. नियम लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. कोरड्या तापमापीने ८५ अंश फॅरनहाइट ओलांडले की वाफ सोडायची नाही, हेही त्याच नियमांत. ८५ म्हणजे आपले साधारण २९.४ सेल्सियस. मुंबईतल्या किती दुपारी याच्या खाली असतात, तुम्हीच सांगा. दिवसातून तीन वेळा वाचन घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं हेही ठरलेलं. साधं फडकं, पण त्याच्या स्वच्छतेचं कलम झालं, कारण त्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले दोन पक्ष होते.

इथवर वीज आलीच नाही. ती आली शेतातून.

अमेरिकेच्या कृषी खात्यात लायमन ब्रिग्ज नावाचे शास्त्रज्ञ होते. गव्हात ओल किती, हे ठरवायला तेव्हा तास-तास लागत. दाणे तापवा, पाणी बाहेर काढा, मोजा. १९०८ साली ब्रिग्ज यांनी दाण्यांतून वीज सोडून रोध मोजला. निकाल थक्क करणारा होता. १३ टक्के ओलीच्या गव्हाचा रोध १४ टक्केवाल्याच्या सातपट, आणि १५ टक्केवाल्याच्या पन्नासपट निघाला! ओल एक टक्का वाढली की रोध सातव्या हिश्शावर. इतकं ठळक उत्तर निसर्ग सहसा देत नाही. पुढे हेच ब्रिग्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे संचालक झाले. ते संचालक असतानाच, १९३८ मध्ये, तिथल्या फ्रान्सिस डनमोर यांनी लिथियम क्लोराइडचा पातळ थर दिलेला विजेचा आर्द्रतामापक केला. फुग्याबरोबर आकाशात सोडायच्या रेडिओसाँडमध्ये तोवर केसच वापरत. वरच्या थंडीत केस फार सुस्त होतो, म्हणून ही धडपड.

आणि योगायोग बघा. त्याच १९३८ च्या सुमाराला अमेरिकेत कपडे वाळवायचं विजेचं घरगुती यंत्र बाजारात आलं. नॉर्थ डकोटाच्या कडाक्याच्या थंडीत कपडे बाहेर वाळत घालायला वैतागलेल्या जे. रॉस मूर यांची ती कल्पना. एका कारखान्याने तिला आकार दिला आणि ‘जून डे’ या नावाने विकलं. जूनमधला दिवस! तिकडे जून म्हणजे स्वच्छ ऊन. आपल्याकडे हे नाव कोणी ठेवलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं :) पुढे ब्रिग्जची दाण्यातली युक्ती आणि हा ड्रम एकत्र आले, आणि झाल्या त्या दोन पट्ट्या.

तर आता आपण उलट्या दिशेने निघू. ड्रायरमधून परत दाण्याकडे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत गेलात तर कांद्याइतकी नाही, पण सोयाबीनचीही आवक दिसेल. हमीभावाने सोयाबीन विकायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, ही सरकारी खरेदीची नेहमीची अट. कापसाला सीसीआयची मर्यादा ८ ते १२ टक्के. आठपर्यंत पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्यामागे साधारण एक टक्का कपात, बाराच्या वर खरेदीच नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे ७५ रुपये.

या ओलीचा आकडा देतं एक छोटं मीटर. काही मीटर वेगळ्या तत्त्वावर चालतात, पण रोध मोजणाऱ्यांत डबीत दाणे दाबून भरतात नाहीतर कापसात दोन सुया खुपसतात, आणि मधला रोध मोजतात. ड्रायरच्याच त्या दोन पट्ट्या! फक्त इथे टॉवेल ओला राहत नाही, शेतकऱ्याची ट्रॉली परत जाते.

खरेदीदाराची बाजूही खोटी नाही. १५ टक्के ओलीचं १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळलं की उरतं साधारण ९६.६ किलो. २०२४ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने ते क्विंटलमागे सुमारे १६७ रुपयांचं पाणी. शिवाय ओलसर दाण्याला गोदामात बुरशी लागते ती वेगळीच. पण त्याच २०२४ मध्ये बाजारातले भाव हमीभावाच्या खाली होते, काढणीच्या वेळच्या पावसाने दाण्यात ओल होती, आणि १२ च्या अटीवरून केंद्रावर माल नाकारला जात होता. शेवटी १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. असो.

बातम्यांत सगळी चर्चा झाली ती १२ की १५ याची. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मीटरवर जे १२ दिसतं ते १२च आहे का?

इंजिनिअर लोकांसाठी थोडा हिशोब. मळाचे दोन प्रकार. ड्रायरच्या पट्टीवरचा मेणचट थर हा वाटेत आडवा उभा राहतो, म्हणजे सिरीजमध्ये. तो रोध वाढवतो आणि ओलं कोरडं भासवतो. मीटरच्या डबीत आधीच्या ओल्या नमुन्याचा भुगा राहिला तर तो दोन टोकांमध्ये चोरवाट काढतो, म्हणजे पॅरललमध्ये. तो रोध कमी करतो आणि कोरडं ओलं भासवतो. समजा या चोरवाटेने रोध निम्मा झाला. ब्रिग्जच्या गव्हाच्या आकड्यांनी बघितलं तर एक टक्का म्हणजे सातपट, मग दुप्पट म्हणजे साधारण ०.३६ टक्का. (सोयाबीनचं गणित हुबेहूब तेच नसणार, पण अंदाज यायला पुरे.) ०.३६ ऐकायला काहीच नाही. पण खरी ओल ११.८ असेल तर मीटर दाखवेल १२.१६. आणि अट १२ ची आहे. ड्रायर चुकला तर आपण पुन्हा बटण दाबतो. इथे पुन्हा बटण दाबायचं म्हणजे माल घरी नेणं, अंगणात पसरणं, पुन्हा भाडं, पुन्हा रांग. किंवा तिथेच व्यापाऱ्याला पडेल त्या भावात घालून मोकळं होणं.

यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असं नाही, हे मुद्दाम सांगतो. दिवसाला शे-दीडशे नमुने, उडणारी धूळ, सोयाबीनचा तेलकट भुगा, आणि मीटर हाताळणारा एकटा माणूस. डबी ब्रशने साफ करायची राहते. मळ आपोआप बसतो, स्वच्छता मात्र कोणीतरी करावी लागते. आणि ज्याचं नुकसान होतंय त्याला ती मागता यायला हवी.

शेतकऱ्यांची जुनी रीत होती दाणा दाताखाली धरायची. कट् वाजला तर सुका, दबला तर ओला. ती रीत आता केंद्रावर चालत नाही, आणि चालू नये, कारण दोन दात दोन आकडे सांगतील. पण दाताची एक गोष्ट चांगली होती. ती तपासणी दोघांच्या समोर होत होती. वजनकाट्याच्या बाबतीत आपण हे शिकलोय. काटा आधी शून्यावर आहे ना, हे गिऱ्हाईक बघतं आणि दुकानदाराला त्याचा राग येत नाही. ओलीच्या मीटरबाबत ती सवय अजून लागायची आहे. नमुना भरण्याआधी डबी समोर साफ करा. पोत्याच्या वरचा, मधला, खालचा दाणा घ्या. एकदा नाही, तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. आकडा शेतकऱ्याला दिसेल असा ठेवा. यातलं काहीही महाग नाही. लँकेशरच्या विणकरांना यातलं शेवटचं १८८९ मध्ये मिळालं होतं, आणि आपल्या गिरण्यांच्या नियमांत मलमलीच्या खळीपर्यंतचा तपशील कधीचाच आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे काका, मामा अजून निफाड, सिन्नर, येवल्याकडे शेती करतात. पुढच्या हंगामात ते माल घेऊन जाणार असतील तर फोनवर एवढं नक्की सांगा, की मीटरची डबी आधी पुसायला लावा. आणि शक्य असेल तर एक दिवस रजा टाकून बरोबर जा. पुढच्या शनिवारी भेटूच.